वरची चिठ्ठी

आई : बादली तिथंच ठेव. आधी मला सांग, कंपाउंडर सकाळी म्हणत होता ते खरं आहे का?

मुलगा : काय म्हणत होता?

आई : फावडं घेऊन आला होता, अंगणातला गाळ काढायला. तासभर राबला बिचारा, पण तोंड एवढंसं करून. मी विचारलं, काय झालं रे. तर म्हणे, तुमच्या त्या रेडिओवाल्या बाईंनी त्याला चांगलंच झापलं. वादळाच्या दिवशी तू उगाच घबराट केलीस, धडधाकट म्हातारीला तातडीचं म्हणून कळवलंस, असं म्हणाल्या.

मुलगा : बाई चिडतात कधीकधी. आठ दिवस कुणालाच धड झोप नाही.

आई : तो शपथेवर सांगतो की मी असं बोललोच नव्हतो. समोरच्या गच्चीवरून त्यानंच मला ओरडून विचारलं होतं, मावशी, काय कळवू? मी माळ्याच्या खिडकीतून सांगितलं, म्हातारी बरी आहे, बिस्किटं आहेत, पाणी आहे, घाई नाही, दुसऱ्यांना आधी न्या. त्यानं माझ्यादेखत त्या हातातल्या डबड्यात तसंच सांगितलं. 'घाई नाही' तर दोनदा.

मुलगा : वादळात आवाज नीट येत नाही, आई. खरखर असते. एखादा शब्द निसटतो.

आई : दोनदा बोललेला?

मुलगा : दोनदा बोललेलाही.

आई : तिकडे ऐकायला कोण होतं?

मुलगा : हा गाळ आजच काढायला हवा. एकदा वाळला की सिमेंटसारखा बसतो.

आई : टेबलावर कोण होतं, मी विचारतेय.

मुलगा : मी होतो.

आई : गिऱ्हाइकाची जळालेली मोटार नव्यानं गुंडाळताना तारेचा एक वेढा कमी पडला तर तुला न मोजता कळतं. आणि 'घाई नाही' हे दोन शब्द तुला कळले नाहीत?

मुलगा : कळले होते.

आई : बस इथं. तो स्टूल पुसलेला आहे. आता पहिल्यापासून सांग. मी माळ्यावर होते, तुमच्याकडं काय चाललं होतं ते मला काही ठाऊक नाही.

मुलगा : सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आई : नसू दे. तरी सांग.

मुलगा : वादळ पहाटे धडकलं. नऊ वाजेपर्यंत फोनचे मनोरे आडवे झाले होते, वीज तर आदल्या दिवशीच गेलेली. समुद्राचं पाणी नदीत शिरलं आणि नदी गावात. कचेरीतल्या साहेबांना पलीकडच्या गल्लीत काय चाललंय तेही कळेना. तेव्हा कामाला आलो ते आम्ही सातजण. त्यात एक घड्याळजी, एक तुझा कंपाउंडर, पाण्याचे मीटर वाचणारी ती उंच मुलगी, मी. सगळे हौशी रेडिओवाले. रविवारी गच्चीवर बसून कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी गप्पा मारणारे.

आई : त्यापायी तुझ्या बायकोची किती बोलणी खाल्लीस ते माहीत आहे मला. पुढं.

मुलगा : बाईंनी दोन दिवस आधीच सगळ्यांना जागा नेमून दिल्या होत्या. कंपाउंडर आपल्या गल्लीत. मीटरवाली शाळेच्या गच्चीवर, तिथून अर्धं गाव दिसतं. मी आणि बाई कचेरीत, मोठ्या सेटवर. निरोप यायचा, मी तो परत वाचून दाखवायचा. समोरचा 'बरोबर' म्हणाला की मगच चिठ्ठी लिहायची. बाईंचा हा नियम आहे, आणि त्यावरून त्या मरेपर्यंत हलणार नाहीत. तातडीचा निरोप लाल कागदावर, बाकीचे पांढऱ्यावर. लाल वर ठेवायचे, पांढरे खाली. होड्यांचा साहेब यायचा आणि सगळ्यात वरची चिठ्ठी उचलून न्यायचा. तो वाचत बसत नव्हता. त्याला वेळच नव्हता.

आई : होड्या किती?

मुलगा : सकाळी तीन. दुपारी एकीच्या इंजिनात पाणी गेलं. दुसरी दवाखान्यातले रोगी हलवण्यात अडकली. उरली एक.

आई : मग?

मुलगा : सव्वाएकला मीटरवालीनं कळवलं. लाकडाच्या वखारीत पत्र्याच्या छपरावर तीन माणसं. एक पुरुष, दोन बायका, त्यातली एक म्हातारी. छप्पर हलतंय, खालचे खांब दिसत नाहीत. मी लाल कागदावर लिहिलं, वर ठेवलं. तेवढ्यात आमची अँटेना वाऱ्यानं कलली. बाई सत्तरीच्या, पण कुणाचं ऐकतील तर शपथ. दोर घेऊन स्वतः गच्चीवर गेल्या. टेबलावर मी एकटा. एक बावीसला कंपाउंडर आला.

आई : आणि त्यानं सांगितलं, घाई नाही.

मुलगा : सांगितलं. मी परत वाचून दाखवलं. माळ्यावर एक म्हातारी, ठीक, घाई नाही. तो म्हणाला, बरोबर. मग मी लाल कागद घेतला.

आई : आणि?

मुलगा : त्यावर लिहिलं, माळ्यावर म्हातारी, एकटी, माळा कोसळण्याच्या बेतात. वखारीच्या चिठ्ठीच्या वर ठेवला. साहेब आला, त्यानं वरची उचलली.

आई : वखार कचेरीपासून किती लांब?

मुलगा : तुला माहीत आहे.

आई : पायी माहीत आहे. होडीनं सांग.

मुलगा : दहा मिनिटं. प्रवाहाबरोबर आहे ना. आपलं घर प्रवाहाच्या उलट, पंचवीस लागली. दीडला निघालेली होडी तुझ्याकडे एक पंचावन्नला पोचली. तुला घेऊन दोन पंचवीसला परत आली.

आई : आणि छप्पर?

मुलगा : दोन सतराला गेलं.

आई : खिडकी उघड जरा. कसला वास येतोय या भिंतींना.

मुलगा : उघडीच आहे.

आई : कशाला केलंस रे असं? मी म्हटलं होतं ना, बरी आहे म्हणून.

मुलगा : तुझ्या 'बरी आहे'ला काही अर्थ असतो का? दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडलीस. तीन दिवस म्हणत होतीस, काही नाही, मुरगळलंय. खुब्याचं हाड मोडलेलं होतं. डॉक्टर माझ्याकडे असा बघत होता, जसं मीच तुला ढकललंय. वादळाच्या आदल्या दिवशी तुझी सून हात जोडून म्हणाली, मुलांबरोबर तुम्हीही वरच्या गावी चला. म्हणालीस, मी इथंच बरी. तू पाण्यात गळ्यापर्यंत बुडाली असतीस तरी कंपाउंडरला म्हणाली असतीस, कळव, बरी आहे.

आई : हे खरं आहे.

मुलगा : आणि तो माळा. उन्हाळ्यात त्याच्या तुळईला दोन बोल्ट मारलेत मी. आत वाळवीनं किती खाल्लंय ते तुला सांगितलं नव्हतं. मला तिथं बसल्याजागी ती तुळई दिसत होती, आई. कानात कंपाउंडर, आणि डोळ्यांसमोर ती तुळई.

आई : तुळई टिकली.

मुलगा : हो. टिकली.

आई : हे तू साहेबाला सांगू शकला असतास. की आई आहे माझी, माळा कच्चा आहे, काय करू? त्यानं ठरवलं असतं.

मुलगा : तो म्हणाला असता, आधी वखार.

आई : म्हणून नाही विचारलंस.

मुलगा : म्हणून नाही विचारलं.

आई : बाईंना काय सांगितलंस?

मुलगा : त्यांनी परवा वही तपासली. लाल चिठ्ठी पाहिली आणि तुला पाहिलेलं होतंच त्यांनी, कचेरीच्या व्हरांड्यात चालत येताना. विचारलं, कंपाउंडरचा आवाज नीट आला होता ना? मी म्हटलं, आला होता, तातडीचंच म्हणाला.

आई : म्हणजे त्या गरीब माणसाच्या माथ्यावर मारलंस. जो छातीभर पाण्यातून हातात डबडं उंच धरून गच्चीवर गेला, त्याच्या.

मुलगा : तोंडातून निघून गेलं.

आई : चिठ्ठी हातातून निघून गेली, हे तोंडातून निघून गेलं. बरंच काही निघून जातं तुझं.

मुलगा : तू बोलू नकोस. निदान तू तरी नको.

आई : का, मी का नको?

मुलगा : सात वर्षांचा होतो मी. तुझ्या दवाखान्यात. अंगात एकशे तीन ताप. तू खिडकीत बसून नंबर पुकारत होतीस. मला एकोणिसावा नंबर दिलास आणि बाकावर बसवलंस. थंडी वाजत होती, दात वाजत होते. दर वेळी तू वर बघायचीस तेव्हा वाटायचं आता मला बोलावेल. तू पुढचा नंबर पुकारायचीस. दोन तास. मी तेव्हाच ठरवलं होतं की मी कधी कुणाला असं बसवणार नाही. माझ्या माणसाला तर नाहीच.

आई : ते तुला आठवतं.

मुलगा : सगळं आठवतं. बाकाचा रंगसुद्धा.

आई : मला वाटलं विसरलास. सांगते मग. मी न्याय-बिय काही करत नव्हते त्या दिवशी. आदल्या आठवड्यात एका बाईनं तक्रार केली होती, की खिडकीतली बाई आपल्या ओळखीचे लोक आधी सोडते. नवी नवी नोकरी. तुझे वडील नुकतेच गेलेले. मी घाबरले होते. तुझ्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, याला काही झालं तर या खिडकीला आग लावीन. पण नंबर पुकारत होते. इतकी वर्षं लोक मला शिस्तीची म्हणतात, आणि मी मान डोलावते.

मुलगा : हे आधी कधी सांगितलं नाहीस.

आई : आईनं असं काही सांगायचं असतं का मुलाला? आणखी एक ऐक. होडी आली तेव्हा आत नावाडी आणि त्याचा जोडीदार, बस. चार जागा रिकाम्या. मी विचारलं, दुसरं कुणी नाही? तो म्हणाला, थेट तुमच्याकडंच पाठवलंय. मला तेव्हाच समजलं.

मुलगा : काय समजलं?

आई : की हे तू केलंयस. मी खिडकीतून उतरायच्या आधी म्हणू शकले असते, परत जा, दुसरीकडं कुणी असेल ते बघ. नाही म्हटलं. खाली पाण्यात डबे एकमेकांवर आपटत होते, सकाळपासून तो आवाज ऐकून डोकं फिरायची वेळ आली होती. मी पदर खोचला आणि चढले. आणि मला बरं वाटलं. माझा मुलगा मला विसरला नाही, असं वाटलं. तेव्हा तुला एकट्याला बोलत नाहीये मी.

मुलगा : मग आता काय करायचं? त्या दोघी परत येणार आहेत?

आई : वखारीचा रखवालदार जिवंत आहे.

मुलगा : ठाऊक आहे. एका ओंडक्याला धरून पुलापर्यंत वाहत गेला. मीच लिहिलंय वहीत.

आई : परवा मदतीच्या रांगेत माझ्या पुढं होता. दिसेल त्याला सांगत होता. वखारीत मालकाचं ऑफिस आहे, दोन मजली, पक्कं. त्याच्या किल्ल्या याच्याच कमरेला होत्या. पण मालकाला विचारल्याशिवाय ते उघडायचं नाही असा हुकूम, आणि फोन तर मेलेले. म्हणून यानं बायकोला आणि सासूला पत्र्यावर चढवलं. म्हणतो, कुलूप उघडलं असतं तर. रांगेत पुढं सरकला की पुन्हा तेच. लोक तोंड फिरवतात आता.

मुलगा : ते त्याचं चुकलंच ना.

आई : चुकलं. पण सगळं त्याचंच चुकलं असं समजून तो बसलाय. निम्मं तुझ्याकडं आहे, ते तू दडवून ठेवलंयस.

मुलगा : मी त्याला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गावभर होईल. तुला वाटतंय मी स्वतःला वाचवतोय. थोडं तेही आहे. पण पुढच्या वादळात काय? लोक म्हणतील, रेडिओवाले आपल्या घरच्यांना आधी होडी पाठवतात. बाईंनी वीस वर्षं घालवलीत कचेरीच्या पायऱ्या झिजवून, आम्हाला एक टेबल मिळावं म्हणून. ते टेबल जाईल.

आई : जाऊ दे.

मुलगा : असं कसं जाऊ दे? त्या दिवशी आम्ही दोनशे बारा निरोप घेतले. दोनशे अकरा बरोबर.

आई : मग ते दोनशे अकरा बाईंना सांभाळू देत. त्या कशा सांभाळायच्या ते ठरवतील. तू आज त्यांच्याकडं जा आणि आधी कंपाउंडरवरचा डाग पूस. उद्या वखारीत जाऊ.

मुलगा : जाऊ म्हणजे? तू कशाला?

आई : तू कुणासाठी केलंस ते त्याला दिसायला नको? मी घरात बसून काय करू, गाळ काढू?

(दुसऱ्या दिवशी सकाळी. लाकडाची वखार. जिन्याच्या खाली दोघं थांबली आहेत.)

आई : इथं जरा टेकू दे. बाई काय म्हणाल्या ते रात्री तू सांगितलंच नाहीस. जेवलाही नाहीस.

मुलगा : फार काही म्हणाल्या नाहीत. ऐकून घेतलं. मग वही काढली, तुझ्या निरोपाच्या ओळीसमोर समासात कंपाउंडरचे खरे शब्द लिहायला लावले, त्याखाली मला सही करायला लावली. म्हणाल्या, हे मी साहेबांना उद्या दाखवणार. घरचा सेट तुझा आहे, तो ठेव. माझ्या टेबलावर मात्र यापुढं बसायचं नाहीस.

आई : आणि कंपाउंडर?

मुलगा : त्याला तिथंच बोलावून घेतलं. माझ्यासमोर त्याची माफी मागितली. बाईंनी, मी नाही. मी मागायला गेलो तर तो म्हणाला, राहू दे. माझी आई असती तर मीही. आणि चपला घालून निघाला.

आई : चल वर. हात धर माझा.

मुलगा : दार उघडंच आहे. आहे का कुणी?

रखवालदार : या. आत या. कचेरीतून आलात का? बसा. खुर्ची मालकाची आहे, पण बसा. मालकच म्हणाले आता वर राहा, खाली तुझी खोली उरलेली नाही. म्हणून राहतोय. आजी, तुम्ही कशाला जिना चढलात?

आई : कचेरीतून नाही आलो. हा माझा मुलगा. वादळाच्या दिवशी रेडिओवर होता.

रखवालदार : ते रेडिओवाले होय. शाळेच्या गच्चीवरून एक पोरगी लाल कापड हलवत होती. आम्हाला कळलं, हिनं पाहिलंय, आता कुणीतरी येणार. माझी बायको तर तिला हात करत होती सारखी. तिच्या आईला म्हणाली, बघ, ती पोरगी आपल्याला सोडून जात नाही. तिला माझा निरोप द्या, तुझा काही दोष नाही म्हणावं. दोष माझा आहे. ही बघा किल्ली. हेच ते ऑफिस, जिथं तुम्ही बसलात. इथल्या फरशीला पाणी लागलंसुद्धा नाही. जिन्याची शेवटची पायरीसुद्धा कोरडी.

मुलगा : मला तुम्हाला काही सांगायचंय.

रखवालदार : मी विचारलं असतं मालकांना. पण फोन लागेना. चौदा वर्षं आहे मी इथं, कधी एक फळी इकडची तिकडे नाही झाली. वाटलं, उगाच हुकूम मोडला आणि पाणी आलंच नाही, तर काय तोंड दाखवायचं. बायको म्हणाली होती, उघडा हो. मी म्हटलं, पत्रा मजबूत आहे.

मुलगा : ऐकून घ्या माझं. त्या मुलीनं तुमचा निरोप सव्वाएकला कळवला. तातडीचा म्हणून. मी तो लिहून घेतला. होडी एकच होती, पण ती दीडला तुमच्याकडे निघू शकत होती. दहा मिनिटांचं अंतर.

रखवालदार : दीडला? होडी तर कितीतरी उशिरा आली म्हणे. प्रवाह जोराचा होता, असं सांगितलं मला कचेरीत.

मुलगा : प्रवाहाचा प्रश्न नव्हता. मी दुसरी चिठ्ठी वर ठेवली. माझ्या आईची. तिनं स्वतः कळवलं होतं, मी बरी आहे, दुसऱ्यांना आधी न्या. मी ते बदललं. माळा कोसळतोय असं लिहिलं. साहेबांनी वरची चिठ्ठी उचलली. होडी आधी तिच्याकडं गेली.

रखवालदार : या आजींकडं?

आई : माझ्याकडं. मी एकटीच होते. होडीत चार जागा रिकाम्या होत्या, आणि मी विचारलं नाही.

रखवालदार : सासूबाई तुमच्याच वयाच्या असतील. थोड्या बुटक्या.

आई : असतील.

रखवालदार : त्यांना पत्र्यावर चढवायला मला आणि बायकोला अर्धा तास लागला. हसत होत्या. म्हणत होत्या, या वयात मला माकड केलंत.

मुलगा : तुम्हाला जे बोलायचं ते बोला. कचेरीत तक्रार करायची असेल तर मी बरोबर येतो. वहीत सगळं लिहिलंय आता, माझी सही आहे.

रखवालदार : काय बोलू? आठ दिवस स्वतःलाच बोलतोय. आता तुम्हाला बोलायला काही उरलंय का ते बघावं लागेल. थांबा जरा.

आई : आम्ही थांबतो.

रखवालदार : तुम्ही दीड म्हणालात. दीडला होडी निघाली असती तर इथं कधी?

मुलगा : एक चाळीस.

रखवालदार : आणि आम्ही कचेरीत कधी पोचलो असतो?

मुलगा : उलट प्रवाह धरला तरी सव्वादोनपर्यंत. होडीत तर दोनच्या आधीच असता तुम्ही.

रखवालदार : म्हणजे मी हे कुलूप उघडलं असतं, तर त्या वाचल्या असत्या. आणि तुम्ही चिठ्ठी होती तशी राहू दिली असती, तरी वाचल्या असत्या.

मुलगा : दोन्हींतलं एक जरी झालं असतं.

रखवालदार : एक जरी.

आई : बाबा, मी माफी मागत नाही तुझ्याकडं. ती मागायचं मला तोंड नाही. पण हे एकट्यानं उचलत बसू नकोस, एवढं सांगायला आले.

रखवालदार : आजी, त्यानं ओझं कमी होत नाही. तेवढंच राहतं. फक्त आता तुम्ही दोघंही दिसता त्यात.

आई : हो.

रखवालदार : तुम्ही नसता आलात तरी चाललं असतं, असं म्हणणार होतो. पण नाही, बरं केलंत. तुमच्यावर राग येईल. आज येत नाहीये. उद्या येईल, परवा येईल. तेव्हा मी रस्त्यात दिसलो तर बोलायला येऊ नका.

मुलगा : नाही येणार.

रखवालदार : एक विचारू? छप्पर किती वाजता गेलं?

मुलगा : दोन सतरा.

रखवालदार : नक्की? की असं अंदाजे?

मुलगा : नक्की. मीटरवालीनं सेटवर सांगितलं, छप्पर गेलं. मी त्याच क्षणी भिंतीवरचं घड्याळ बघून लिहिलं. त्या पानावर तेवढं तरी मी खरं लिहिलंय.

रखवालदार : दोन सतरा. छप्पर गेलं तेव्हाच त्या दोघी गेल्या. मी पाहिलं. सासूबाईंनी बायकोचा हात सोडला नाही, त्यामुळं दोघी एकदमच. त्यानंतर काही नाही. मला वाटत होतं तीन वाजले असतील. कुणी म्हणतं दीड, कुणी म्हणतं चार.

आई : दोन सतरा, बाबा. तो वेळेच्या बाबतीत चुकत नाही.

रखवालदार : कचेरीतून हे दोन फॉर्म दिलेत. एक बायकोचा, एक सासूबाईंचा. दाखला मिळायचा म्हणून. नाव, वय, ठिकाण, सगळं इथल्या कारकुनाकडून भरून घेतलं. हा एक रकाना राहिलाय. वेळ. फॉर्म वाटणाऱ्या बाई म्हणाल्या, अंदाजे लिहा, सगळे अंदाजेच लिहितायत. अंदाजे कसं लिहू? माझी बायको होती.

मुलगा : मी बाईंकडून वहीची नक्कल आणून देतो. शिक्क्यासकट.

रखवालदार : नक्कल नको. आज शेवटचा दिवस आहे, दुपारी नेऊन द्यायचेत. पेन आहे तुमच्याकडं?

मुलगा : आहे.

रखवालदार : मग लिहा. इथं, आणि या दुसऱ्यावर इथं.

मुलगा : लिहितो. दोन... सतरा.

रखवालदार : सावकाश लिहा. खाडाखोड केलेली चालत नाही म्हणाले.